ऑफर स्वीकारल्यानंतरचे ९० दिवस : भरतीमधले ‘क्लोजिंग’ कुठे कच्चे राहते?

इंद्रायणीकाठ

पुण्यात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रासाठी भरती करणारी चार माणसे एकत्र आली की ऑफर स्वीकारून ऐन वेळी पाठ फिरवणाऱ्या उमेदवारांचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. कोणी म्हणते पिढीच तशी आहे, कोणी बजेटला दोष देते, आणि या व्यवसायात नव्याने आलेल्या मुलामुलींना वरिष्ठ सांगतात की तुमचे क्लोजिंग, म्हणजे निवडलेल्या उमेदवाराला रुजू होईपर्यंत नेणे, कच्चे आहे, ते सुधारा. सुधारायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मग ही मुले शेवटच्या फोनवर अधिक गोड आणि अधिक आग्रहाने बोलू लागतात.

माझे मत असे आहे की शेवटच्या फोनवर पटवण्यासारखे फार थोडे शिल्लक असते. उमेदवार रुजू होणार की नाही, याचा निकाल बहुधा दोन ठिकाणी लागतो. पहिले ठिकाण म्हणजे त्याच्याशी झालेला अगदी पहिला फोन, आणि दुसरे म्हणजे राजीनामा दिल्यापासून रुजू होईपर्यंतचा नोटीस पिरियड. आपल्याकडच्या बड्या आयटी कंपन्यांत हा काळ ९० दिवसांचा असतो. एवढ्या काळात माणसाचे मन बदलायला, दुसऱ्या दोन ऑफर यायला आणि जुन्या मॅनेजरने चहाला नेऊन पगार वाढवून द्यायला भरपूर सवड मिळते.

पहिल्या फोनवर आपल्यापैकी बहुतेक जण काय विचारतात? सध्याचा सीटीसी (कंपनीचा त्या माणसावरचा एकूण वार्षिक खर्च), अपेक्षित सीटीसी, नोटीस किती, दुसरी ऑफर हातात आहे का. हे चार आकडे एक्सेलच्या तक्त्यात भरले की फोन संपतो. ‘नोकरी का बदलायची आहे’ हा प्रश्न विचारला जातो, पण तोंडदेखला. उमेदवार ‘ग्रोथसाठी’ असे म्हणतो, आपण ‘ग्रोथ’ लिहितो आणि पुढे सरकतो. वास्तविक इथेच थांबायला हवे. मागच्या अप्रेझलमध्ये काय झाले, ज्या प्रोजेक्टवर आहात ते किती दिवस चालणार आहे, मॅनेजरशी याबद्दल बोलणे झाले का, असे तीन उपप्रश्न विचारले तरी खरे कारण समोर येते. कधी आईवडिलांसाठी नागपूरला किंवा कोल्हापूरला जवळ राहायचे असते, कधी सपोर्टच्या रात्रपाळीला माणूस कंटाळलेला असतो, कधी कनिष्ठाला आधी बढती मिळालेली असते. कारण कळले तर पुढच्या सगळ्या संभाषणांना पाया मिळतो, आणि कळले नाही तर आपण फक्त पगाराच्या आकड्यावर भांडत राहतो.

यानंतर मी एक प्रश्न नेहमी विचारतो, आणि तो पहिल्याच फोनवर विचारतो : “समजा तुम्ही राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या कंपनीने आमच्याइतकाच पगार देऊ केला, तर थांबाल का?” ज्याचे उत्तर “बघू” असे येते त्याच्याबाबतीत मी हायरिंग मॅनेजरला, म्हणजे ज्याच्या टीमसाठी भरती आहे त्याला, आधीच कल्पना देतो आणि दुसरा उमेदवार हाताशी ठेवतो. जो म्हणतो “नाही, कारण पैसे वाढले तरी रात्रपाळी जाणार नाही”, त्याला त्याचेच वाक्य पुढे दोन महिन्यांनी गरज पडल्यास आठवून देता येते. आपल्या युक्तिवादापेक्षा स्वतःच्या तोंडून निघालेले कारण माणसाला जास्त पटते. मन वळवण्याचे जे काही कौशल्य मी शिकलो त्याचा निम्मा भाग एवढाच आहे.

‘घरी विचारून सांगतो’ हे उत्तर आले की नवीन रिक्रूटर एकतर गप्प बसतात किंवा “लवकर सांगा” म्हणून मागे लागतात. दोन्ही चूक आहे. आपल्याकडे नोकरीचा निर्णय एकटा माणूस घेत नाही, आणि त्यात गैर काही नाही. मी विचारतो, “घरी कोणता प्रश्न निघेल असे वाटते?” मग कळते की पत्नीची नोकरी मगरपट्ट्यात आहे, मुलाची शाळा हडपसरला आहे आणि आपले ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी फेज तीनला आहे. हा प्रवास रोज करणाऱ्याला तुमच्या कंपनीची संस्कृती कितीही चांगली असली तरी फरक पडत नाही. आठवड्यातून किती दिवस यावे लागेल, वेळ पुढेमागे करता येईल का, हे मॅनेजरकडून लेखी आणून दिले तरच गाडी पुढे सरकते.

आपापले अनुभव आणि मतभेद खाली प्रतिसादांत अवश्य मांडावेत. विशेषतः नोटीसच्या काळात कोण काय करते हे जाणून घ्यायचे आहे.

आकडेमोड

लेख आवडला. पगाराचा विषय आपण थोडक्यात आटोपला आहे, म्हणून त्यात भर घालतो, कारण माझ्या पाहण्यात सर्वाधिक घोडे तिथेच पेंड खाते. रिक्रूटर सीटीसी सांगतो आणि उमेदवार मनात त्याला बाराने भागतो. पहिला पगार जमा झाल्यावर त्याला फसवले गेल्यासारखे वाटते, आणि जो जरा सावध आहे त्याला ते ऑफर लेटर वाचतानाच वाटते.

१८ लाखांच्या ऑफरचे उदाहरण घेऊ. बाराने भागले तर महिन्याला दीड लाख होतात. आता यात १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग आहे, म्हणजे १ लाख ८० हजार रुपये वर्षअखेरीस मिळतील, किंवा कमी मिळतील. मूळ वेतन निम्मे, म्हणजे ९ लाख धरू. त्यावर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा (पीएफ) वाटा १२ टक्क्यांनी १ लाख ८ हजार. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी सुमारे ४३ हजार, आणि ही रक्कम पाच वर्षे टिकलात तरच हाती येते असे बहुतेक कायम कर्मचाऱ्यांच्या बाबतीत असते. आरोग्य विम्याचा हप्ता २० हजार धरू. हे सगळे वजा जाता साडेचौदा लाखांच्या आसपास उरतात. त्यातून उमेदवाराचा स्वतःचा पीएफ आणखी १ लाख ८ हजार, व्यवसाय कर अडीच हजार आणि २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीनुसार प्राप्तिकर सुमारे ८९ हजार. हाती येतात महिन्याला साधारण १ लाख ४ हजार रुपये.

आता गंमत पाहा. तोच १८ लाखांचा सीटीसी देणारी दुसरी कंपनी पीएफ १५ हजारांच्या वैधानिक मर्यादेवर, म्हणजे महिन्याला १,८०० रुपये कापत असेल, तर हातात येणारी रक्कम महिन्याला सुमारे १३ हजारांनी वाढते. उमेदवाराला वाटते दुसरी कंपनी जास्त देते. प्रत्यक्षात तो स्वतःच्याच निवृत्तीचे पैसे आज घेत असतो. हे ज्या रिक्रूटरला कागदावर मांडून दाखवता येते, त्याला निम्म्या वाटाघाटी कराव्याच लागत नाहीत. पगारपत्रकाचा तक्ता ऑफर लेटरच्या आधी पाठवावा, आणि फोनवर दोघांनी तो एकत्र वाचावा. ऑफर लेटर गेल्यानंतर तीच माहिती दिली तर ती सारवासारव वाटते.

आणखी एक सूचना. आकडा सांगितल्यावर गप्प बसायला शिकले पाहिजे. बरेच जण “१८ देतोय” म्हणतात आणि उमेदवार दोन सेकंद विचार करतो न करतो तोच “पण पुढच्या एप्रिलमध्ये वाढ होईलच, जॉइनिंग बोनसचेही बघू” असे स्वतःच सुरू होतात. समोरच्याने काही मागितलेलेच नसते.

कोरा_कागद

मी कंपन्यांना माणसे शोधून देणाऱ्या कन्सल्टन्सीत काम करतो, त्यामुळे माझे मत थोडे कडवट वाटेल. आमची फी बहुतेक ठिकाणी वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार असते. उमेदवार रुजू झाल्यावर बिल निघते आणि तो ६० किंवा ९० दिवसांच्या आत सोडून गेला तर एकतर बदली माणूस फुकट द्यायचा किंवा पैसे परत करायचे. म्हणजे नोटीसचे ९० दिवस आणि नंतरचे ९० दिवस आमचा जीव टांगणीला. अशा स्थितीत इंद्रायणीकाठ यांनी सुचवलेली मनमोकळी चर्चा ऐकायला बरी वाटते, पण एकेका रिक्रूटरकडे पंधरा-वीस पोझिशन उघड्या असतात आणि दिवसाला साठ-सत्तर फोन करावे लागतात. पंधरा मिनिटांचा पहिला फोन परवडतो कोणाला?

आमच्याकडे जे चालते ते स्पष्ट सांगतो. ऑफर निघाली की २४ तासांची मुदत द्यायची. मुदत दिली नाही तर उमेदवार तेच पत्र घेऊन बाजारात फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी दोन लाख वाढवून घेतो. २०२२ मध्ये हे आम्ही भरपूर भोगले. त्या वर्षी एप्रिल ते जून तिमाहीत इन्फोसिसने गळतीचा (नोकरी सोडून जाणाऱ्यांचा) दर २८.४ टक्के जाहीर केला होता आणि टीसीएसचा सप्टेंबर तिमाहीत २१.५ टक्क्यांवर गेला होता. एकेका जावा डेव्हलपरच्या हातात चार-चार ऑफर असत. त्या काळात दबाव आणला नसता तर आमचे दुकान बंद झाले असते.

इंद्रायणीकाठ

कोरा_कागद, आपली अडचण खरी आहे आणि तिच्यावर मी उपदेश करणार नाही. मुदत असावी, हे मलाही मान्य आहे. मुदतच नसलेली ऑफर म्हणजे स्पर्धक कंपनीला फुकट दिलेले दरपत्रक. पण २४ तासांत मिळालेल्या सहीची किंमत काय, एवढाच माझा प्रश्न आहे. सही झाली, तरी पुढचे ९० दिवस तो माणूस त्याच शहरात असतो, त्याचे प्रोफाइल नोकरीच्या संकेतस्थळांवर तसेच असते, आणि ‘सर्व्हिंग नोटीस’ असे लिहिल्याबरोबर त्याला येणारे फोन दुप्पट होतात, कारण प्रत्येकाला लवकर येणारा माणूस हवा असतो. घाईने घेतलेल्या होकाराला या काळात आधार उरत नाही. मी तीन ते चार दिवस देतो, त्यात एक शनिवार-रविवार येईल असे पाहतो म्हणजे घरी बोलणे होते, आणि मुदतीचे कारण सांगतो : दुसरा उमेदवार थांबला आहे, किंवा प्रोजेक्टची तारीख ठरली आहे. कारण खरे असले पाहिजे. खोटी मुदत एकदा वाढवून दिली की उमेदवाराला समजते की या माणसाच्या प्रत्येक ‘शेवटच्या तारखे’ला पुढची तारीख असते.

साठ-सत्तर फोनांबद्दल : सगळ्यांशी पंधरा मिनिटे बोलावे असे माझे म्हणणे नाही. ज्यांचा तांत्रिक मुलाखतीचा पहिला टप्पा पार झाला त्यांच्याशी बोलावे. ते दिवसाला तीन-चारच असतात.

अबोली

मी रिक्रूटर नाही, टेस्टिंगमध्ये आहे आणि नुकतीच नोकरी बदलली आहे. पलीकडच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

आपण सगळे उमेदवारांच्या बेभरवशीपणाबद्दल बोलत आहात, पण हा अविश्वास एका बाजूने आलेला नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर हातात असलेल्या फ्रेशर मुलांना साडेतीन लाखांवर रुजू होता का असे विचारले होते, आणि ती बातमी आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने वाचली आहे. ऑफर देऊन रुजू होण्याची तारीख महिनोन्‌महिने पुढे ढकलल्याची उदाहरणे तर ओळखीतली आहेत. त्यामुळे हातात दुसरी ऑफर ठेवणे हा आम्हाला लबाडपणा वाटत नाही, विम्याचा हप्ता वाटतो.

दुसरी गोष्ट माझ्या अनुभवातली. एका कंपनीच्या रिक्रूटरने मला तीन वेळा सांगितले की काम हायब्रिड, म्हणजे काही दिवस घरून आहे. ऑफर लेटरमध्ये त्याचा उल्लेख नव्हता, तेव्हा मी ईमेलने विचारले. ईमेलला उत्तर आले नाही, फोन आला : “मॅडम, ते टीम ठरवते, जॉइन झाल्यावर मॅनेजरशी बोला.” मी तिथे गेले नाही. ज्या कंपनीत गेले, तिथल्या रिक्रूटरने पहिल्याच फोनवर सांगितले होते की आठवड्यातून चार दिवस खराडीला यावे लागेल आणि रिलीजच्या आठवड्यात पाचही दिवस. पगार जवळपास सारखाच होता. तिने वाईट बातमी आधी सांगितली म्हणून तिच्या बाकीच्या चांगल्या गोष्टींवर माझा विश्वास बसला. हे तिने मुद्दाम कौशल्य म्हणून केले असेल तर तिला सलाम, आणि सहज केले असेल तर दुप्पट सलाम.

शॉपफ्लोअर

सगळी चर्चा हिंजवडी-खराडीच्या आयटीभोवती चालली आहे, म्हणून चाकणच्या कारखान्यांची बाजू मांडतो. आमच्याकडे डिप्लोमा आणि आयटीआय झालेली मुले, लाइन इंजिनिअर, मेंटेनन्सची माणसे लागतात. इथे ९० दिवसांचा प्रश्न क्वचित येतो. माणूस सोमवारी येतो म्हणतो आणि येत नाही, किंवा येतो आणि आठ दिवसांनी पलीकडच्या प्लँटमध्ये दिसतो.

इथे मन वळवायचे म्हणजे तीन-चार गोष्टींची नेमकी माहिती द्यायची. कंपनीची बस कुठून कुठून जाते आणि तिसऱ्या पाळीनंतर परत सोडते का, कँटीनचे पैसे पगारातून कापतात का, ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो का, आणि कामगार कंपनीच्या पगारपत्रकावर असेल की ठेकेदाराच्या. दुप्पट ओव्हरटाइमची तरतूद १९४८ च्या कारखाना अधिनियमापासून चालत आलेली आहे, पण मुलांना विचारण्याचा संकोच वाटतो. आपण आपणहून सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. आमचा एक सहकारी तर मुलाखतीला आलेल्यांना आधी कँटीनमध्ये जेवायला नेतो आणि मग लाइनवर फिरवतो. उन्हाळ्यात पेंट शॉपचा उकाडा पाहून ज्याला पळायचे असते तो त्याच दिवशी पळतो, आठ दिवस प्रशिक्षण घेऊन नाही. गळती कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

मुले बीड, लातूर, यवतमाळकडची असतात. महाळुंगे किंवा निघोजेत खोली मिळवून देण्याची व्यवस्था ज्या कंपनीकडे आहे तिला पाचशे रुपये कमी पगारातही माणसे मिळतात. रुजू होण्याची तारीख ठरवताना पंचांगही पाहावे लागते. पितृपक्षात तारीख दिली तर मुलगा हो म्हणेल, पण आई फोन करून थांबवेल, आणि मग तो आपल्याला खोटेच कारण सांगेल. सरळ घटस्थापना किंवा दसरा द्यावा. दिवाळीचा बोनस हातात पडल्याशिवाय तर कोणीच जुनी नोकरी सोडत नाही, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये दिलेल्या ऑफर नोव्हेंबरमध्येच खऱ्या होतात. (कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के, आणि कोरा_कागद यांची फीदेखील ८.३३ टक्के, दोन्हीकडे हिशेब बाराव्या हिश्श्याचाच.)

आकडेमोड

पितृपक्षाचा मुद्दा आयटीमध्येही शंभर टक्के लागू आहे, फक्त आमच्याकडे त्याला ‘पर्सनल रीझन’ म्हणतात.

कायदेकानू

एका गैरसमजाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण काही रिक्रूटर उमेदवारांना ‘सही केली आहे, आता आला नाहीत तर कायदेशीर कारवाई होईल’ असे घाबरवतात. कोणाला जबरदस्तीने कामावर आणण्याचा आदेश न्यायालय देत नाही. नुकसानभरपाई मागता येते, पण रुजू न झाल्यामुळे नेमके किती नुकसान झाले हे सिद्ध करणे कठीण असते, म्हणून कंपन्या त्या वाटेला सहसा जात नाहीत. नोकरी सोडल्यानंतर स्पर्धक कंपनीत जाऊ नये अशी अट भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ पुढे टिकत नाही. मात्र नोकरीच्या काळापुरता बाँड (ठरावीक वर्षे काम करू, नाहीतर पैसे भरू असा करार) हा वेगळा विषय आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षे सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली.

जॉइनिंग बोनसचेही तसेच आहे. एका वर्षाच्या आत सोडल्यास तो परत करण्याची अट असते, आणि कित्येकदा कर कापून हाती आलेली रक्कम नाही, पूर्ण रक्कम परत मागितली जाते. हे वाक्य पत्राच्या तिसऱ्या पानावर असते. ते रिक्रूटरने तोंडी सांगावे. धमकीने आलेला माणूस आणि न सांगितलेल्या अटीत अडकलेला माणूस, दोघेही पहिली संधी मिळताच निघतात.

बेंचवरून

एक निराळा मुद्दा. कोरा_कागद यांचे २०२२ चे वर्णन बरोबर आहे, पण बाजार आता तसा नाही. टीसीएसने २०२५ च्या जुलैमध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे २ टक्के माणसे कमी करण्याचे जाहीर केल्यापासून अनुभवी लोकांचे प्रश्न बदलले आहेत. पूर्वी उमेदवार विचारायचा, “आणखी किती देता?” आता तो विचारतो, “क्लायंटचा करार किती वर्षांचा आहे?” नव्याने आलेल्याला आधी काढतात, ही धास्ती त्याच्या मनात असते, पण ती तो बोलून दाखवत नाही. तो म्हणतो “पगारात मजा नाही” आणि मागे फिरतो. पंधरा वर्षे अनुभव असलेल्या, डोक्यावर वाकडमधल्या फ्लॅटचा हप्ता असलेल्या माणसाला तुम्ही २५ टक्के वाढ दिली तरी त्याचा प्रश्न सुटलेला नसतो.

अशा वेळी “आमच्याकडे कपात कधीच होत नाही” असे सांगणारा रिक्रूटर लगेच संशयास्पद वाटतो. माझ्याशी बोललेल्या एकाने नेमके उलट केले. त्याने टीममध्ये किती माणसे आहेत, ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेल्याने रिकामी झाली, आणि मागचा माणूस का गेला, हे सांगितले. शिवाय रुजू होण्याआधी त्याच टीममधल्या, माझ्याइतक्याच अनुभवाच्या एका व्यक्तीशी अर्धा तास बोलणे घडवून आणले. त्या बोलण्यात रिक्रूटर स्वतः नव्हता. जे प्रश्न मी एचआरला कधीच विचारले नसते ते मी त्या माणसाला विचारले.

कोरा_कागद

हे शेवटचे मी करून पाहीन. पण त्यासाठी मॅनेजर तयार पाहिजे ना. माझा खरा त्रास उमेदवारांचा नाहीच, क्लायंटकडच्या हायरिंग मॅनेजरचा आहे. मंगळवारी मुलाखत होते आणि पुढच्या गुरुवारपर्यंत निकालाबाबत ताकास तूर लागू देत नाहीत. तोवर उमेदवार दुसरीकडे गेलेला असतो आणि खापर आमच्या क्लोजिंगवर फुटते. त्यांना कसे पटवायचे यावर कोणी काही सांगेल काय?

इंद्रायणीकाठ

आपण अगदी मुळावर बोट ठेवले आहे. उमेदवाराला पटवण्याआधी मॅनेजरला पटवावे लागते, आणि त्याला भावनिक आवाहने लागू पडत नाहीत. त्याला आकडे दाखवावे लागतात, तेही त्याच्याच पोझिशनचे. मी प्रत्येक पोझिशनसाठी एक साधा तक्ता ठेवतो : मुलाखतीची तारीख, निकाल कळवल्याची तारीख, उमेदवाराने काय उत्तर दिले, आणि नकार असेल तर त्याच्याच शब्दांत कारण. दोन-तीन आठवड्यांनी तो मॅनेजरसमोर ठेवला की बोलावे लागत नाही. ज्या उमेदवारांना दोन दिवसांत उत्तर मिळाले त्यांच्यापैकी किती आले आणि ज्यांना दहा दिवस ताटकळत ठेवले त्यांच्यापैकी किती आले, हे त्याला स्वतःलाच दिसते. बजेटचेही तसेच. “बाजारभाव जास्त आहे” असे म्हटले की मॅनेजर म्हणतो, “मग चांगले शोधा.” त्याऐवजी “या तीन जणांना तुम्ही स्वतः निवडले, तिघांनीही याच आकड्याला नकार दिला आणि ते अमुक आकड्यावर दुसरीकडे गेले” असे सांगितले तर तो फायनान्सशी बोलायला तयार होतो.

पोझिशन उघडतानाच, पहिल्या बैठकीत, एक करार करून घ्यावा. मुलाखतीनंतर ४८ तासांत हो किंवा नाही, आणि निवड झालेल्या माणसाशी नोटीसच्या काळात मॅनेजरने स्वतः दोनदा बोलायचे. दुसऱ्या अटीला ते कुरकुरतात, पण ती सोडू नये. काउंटर ऑफर, म्हणजे थांबवण्यासाठी वाढवून दिलेला पगार, जुना मॅनेजर स्वतः तोंडाने देत असतो. तिला नव्या कंपनीकडून एचआरचा ‘हाय, होप यू आर डुइंग वेल’ असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुरा पडत नाही.

अबोली

त्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशाबद्दल इतक्या मोकळेपणाने लिहिल्याबद्दल धन्यवाद. दर सोमवारी तो येतो तेव्हा आम्हाला तो विचारपूस वाटत नाही, हजेरी वाटते. मग नोटीसच्या काळात नेमके काय बोलावे, हे आपण सांगितले नाही.

इंद्रायणीकाठ

खरे आहे, ते राहिले. लग्न जमवणारे मध्यस्थ साखरपुड्यानंतर दोन्ही घरी काही ना काही निमित्ताने जातात, रिकाम्या हाताने ‘सगळे ठीक ना?’ विचारायला जात नाहीत. आपल्यालाही प्रत्येक फोनला काम लागते.

सही झाल्याच्या आठवड्यात मी राजीनाम्याबद्दल बोलतो. राजीनामा कधी देणार, कोणाला देणार, मॅनेजर काय म्हणेल असे वाटते, हे सगळे आधीच बोलून घेतो. “ते तुम्हाला थांबवतील, पगार वाढवतो म्हणतील, ऑनसाइटचे, म्हणजे परदेशी पाठवण्याचे गाजर दाखवतील” असे आधी सांगितलेले असले की प्रत्यक्ष तसे घडते तेव्हा उमेदवाराला तो आपला सन्मान वाटत नाही, अपेक्षित प्रसंग वाटतो. पहिल्या फोनवर त्याने सांगितलेले कारण इथे कामी येते. राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल आणि त्यात शेवटचा दिवस लिहिलेला आहे का, हे पाहतो. ज्याचा हा ईमेल दहा दिवसांत येत नाही, त्याच्या बाबतीत कुठेतरी पाणी मुरते आहे असे समजावे आणि सरळ विचारावे. राजीनामा दिला नसेल तर तो बहुधा अजून घरी बोललेला नसतो.

दुसऱ्या महिन्यात कागदपत्रांची पडताळणी असते. फॉर्म १६, मागच्या कंपनीचे रिलीव्हिंग लेटर (कार्यमुक्तीचे पत्र), पीएफच्या यूएएनवरील (खाते क्रमांकावरील) सेवेच्या नोंदी, यांत कोणाची तारीख जुळत नसेल तर ते इथेच निघू द्यावे आणि काय करता येईल ते स्पष्ट सांगावे. काही जण निव्वळ या भीतीने ऐन वेळी फोन बंद करतात, आणि आपण समजतो की जास्त पगारावर गेले. याच महिन्यात मॅनेजरचा पहिला फोन असावा, तोही कामाविषयी : कोणता मॉड्यूल, कोणती साधने, टीममध्ये शेजारी कोण. शेवटच्या महिन्यात लॅपटॉप, बस किंवा कॅब, पहिल्या दिवशी कुठल्या गेटवर कोणाला भेटायचे. पहिल्या दिवशी गेटवर तासभर ताटकळत बसलेली माणसे दुपारपर्यंत दुसऱ्या ऑफरच्या रिक्रूटरला परत फोन लावतात, हे मी पाहिले आहे.

कोरा_कागद

आणि एवढे करूनही जो आदल्या रात्री नऊ वाजता ‘सॉरी सर’ असा संदेश पाठवतो त्याचे काय करायचे?

शॉपफ्लोअर

आमच्याकडे आदल्या रात्रीसुद्धा पाठवत नाहीत.

इंद्रायणीकाठ

त्याला त्या रात्री फोन करू नये. एका ओळीचे उत्तर द्यावे की कळवल्याबद्दल आभार, उद्या दुपारी दहा मिनिटे बोलू. दुसऱ्या दिवशी मन वळवण्याचा प्रयत्न न करता फक्त दोन गोष्टी विचाराव्यात : कुठे जात आहात, आणि निर्णय कधी बदलला. आता लपवण्यासारखे काही राहिलेले नसल्यामुळे बहुतेक जण खरे सांगतात. निर्णय कोणत्या आठवड्यात बदलला हे तक्त्यात लिहून ठेवावे. अशा पाच-सहा नोंदी झाल्या की आपल्याकडची माणसे राजीनाम्याच्या वेळी निसटतात, पडताळणीच्या वेळी की शेवटच्या पंधरवड्यात, हे दिसू लागते आणि फोन केव्हा करायचे ते ठरवता येते. ओळखीतले कोणी सुचवता येईल का, हेही विचारून पाहावे. नकार देऊन अवघडलेला माणूस त्या वेळी दोन नावे सहज देतो, आणि त्याच दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला फोन लावावा. त्याला आपण गेले तीन महिने दर पंधरा दिवसांनी खरी परिस्थिती सांगत आलो असलो, तर तो फोन उचलतो.